लाँगहॉर्न: वीस वर्षं उशिरा घेतलेली पहिली झलक

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी हापिसात एका प्रोजेक्टने पार पिट्टा पाडला, त्यामुळे इकडे फिरकायलाच जमलं नाही. त्याच प्रोजेक्टचा गेल्या गुरुवारी क्लायंटला डेमो होता. डेमो झकास झाला. क्लायंट खूश, मॅनेजर खूश, संध्याकाळी सगळ्यांना पिझ्झा. फक्त एक गोष्ट त्या खोलीत मला आणि टीममधल्या अजून दोघांनाच माहीत होती. पडद्यावर जो 'सर्च' चालताना दिसत होता, तो बरोब्बर तीन नावांसाठी चालत होता. ती तीन नावं आम्ही कोडमध्येच लिहून ठेवली होती. चौथं नाव टाकलं असतं तर पांढरं पान आलं असतं. खालचा डेटाबेस अजून ठरलेलासुद्धा नाही.

क्लायंटने विचारलं, "तीन महिन्यांत मिळेल ना?" मॅनेजर म्हणाला, "नक्की." मी मान हलवली. म्हणजे मीही खोटं बोललोच की.

शुक्रवारी रात्री काही केल्या झोप लागेना. शेवटी शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि बरेच दिवस मनात असलेलं एक काम काढलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या एका संग्रहातून मायक्रोसॉफ्टच्या 'लाँगहॉर्न'ची एक प्रिव्ह्यू आवृत्ती मिळाली होती. ती व्हर्च्युअल मशीनवर चढवून बघायची होती. ही आवृत्ती लोकांच्या हातात पडली तेव्हा मी बालवाडीच्या आसपास असेन, त्यामुळे माझी 'पहिली झलक' वीस-बावीस वर्षं उशिराची. पण मंडळी, कधीकधी उशिरा बघितलेलं जास्त नीट दिसतं. कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं.

लाँगहॉर्न म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज एक्सपी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये. एक्सपीचं आतल्या गोटातलं नाव 'व्हिसलर'. व्हिसलर आणि ब्लॅककोम हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधले दोन शेजारी डोंगर, बर्फावर घसरायला जातात तिथले. एक्सपीनंतरची मोठी उडी मारणारी विंडोज म्हणजे 'ब्लॅककोम' असं ठरलेलं होतं. पण तिला बराच वेळ लागणार, म्हणून मध्ये एक छोटी आवृत्ती काढायचं ठरलं. व्हिसलरच्या पायथ्याशी 'लाँगहॉर्न' नावाचा एक बार आहे. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये टेकायची जागा, म्हणून त्या छोट्या आवृत्तीचं नाव लाँगहॉर्न!

नावातच गंमत आहे बघा. ही टेकायची जागा होती. मुक्कामाची नव्हे. पण झालं असं की ब्लॅककोमसाठी ठेवलेली एकेक मोठी कल्पना लाँगहॉर्नमध्ये घुसत गेली. घरात छोटासा पोटमाळा काढायला घ्यावा आणि बघता बघता तीन मजल्यांचा नकाशा पास व्हावा, तसा प्रकार.

लॉस एंजेलिसचा मंच

ऑक्टोबर २००३. लॉस एंजेलिसमध्ये मायक्रोसॉफ्टची डेव्हलपर लोकांसाठीची परिषद भरली होती. मंचावर खुद्द बिल गेट्स, विंडोजचे मुख्य जिम ऑलचिन आणि त्यांची फौज. तिथे लाँगहॉर्नचे तीन खांब सांगितले गेले.

पहिला 'ॲव्हलॉन'. पडद्यावर जे जे दिसतं ते काढायची नवी पद्धत. खिडक्या, अक्षरं, चित्रं, व्हिडिओ सगळं एकाच यंत्रणेतून आणि ग्राफिक्स कार्डाच्या ताकदीवर. दुसरा 'इंडिगो'. एका संगणकावरच्या प्रोग्रॅमने दुसऱ्याशी कसं बोलायचं, त्याचे नवे नियम. आणि तिसरा, सगळ्यात भारी, 'विनएफएस'.

विनएफएसची कल्पना ऐकून आजही माझ्यासारख्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आपण फाइली ठेवतो कुठे, तर फोल्डरमध्ये. मग त्या फोल्डरात एक फोल्डर, त्यात 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर २'. विनएफएस म्हणत होतं, जागा लक्षात ठेवूच नका. फोटो, पत्र, गाणं, माणसाचा पत्ता, सगळं एका डेटाबेसमधल्या नोंदींसारखं ठेवा आणि नाती जोडा. मग विचारा, 'गेल्या दिवाळीत काढलेले, ज्यात आत्या आहे आणि जे मी दादाला मेल केले होते ते फोटो दे.' आली यादी समोर. ही कल्पना मायक्रोसॉफ्टच्या घरात नवी नव्हती. नव्वदच्या दशकात 'कैरो' नावाच्या प्रकल्पात अशाच जातीची साठवण करायचा घाट घातला गेला होता आणि तो तडीला गेला नव्हता.

मंचावर हे सगळं दाखवलं गेलं. काचेसारख्या पारदर्शक कडांच्या खिडक्या, उजव्या बाजूला उभी पट्टी, आपोआप गठ्ठे करून लावलेली कागदपत्रं. आलेल्या डेव्हलपर मंडळींना घरी न्यायला एक आवृत्ती मिळाली. तिचा क्रमांक ४०५१. मी शनिवारी चढवली ती हीच.

शनिवार: ४०५१

आधी व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे नेऊन ऑक्टोबर २००३ करावं लागलं, कारण या आवृत्त्यांना मुदत घातलेली असते. मुदत संपली की त्या चालायला नकार देतात. मशीनला १ जीबी रॅम दिली. तेव्हाच्या घरगुती संगणकात १२८ किंवा २५६ एमबी असायची, त्या मानाने ही चैनच.

पहिलं आश्चर्य इन्स्टॉल करतानाच. एक्सपी टाकताना तो निळा पडदा, पांढरी अक्षरं, एफ८ दाबा वगैरे सोपस्कार ज्यांनी केलेत त्यांना आठवेल. इथे तसं काही नाही. सुरुवातीपासून नीट चित्रमय खिडक्या.

मग डेस्कटॉप आला आणि मी खरंच "वा!" म्हणालो. एक्सपीच्या त्या हिरव्या-निळ्या प्लास्टिकच्या खेळण्यासारख्या रंगांनंतर हे करडं-निळसर, शांत रूप डोळ्यांना बरं वाटतं. मंचावरची ती काच मात्र इथे नाही. ती फक्त मंचापुरतीच होती, लोकांच्या हाती दिलेल्या आवृत्तीला वेगळाच पेहराव आहे. (इथे मला आमची तीन नावं आठवली.) उजव्या कडेची पट्टी आहे, तिच्यावर छान गोल घड्याळ. २००३ मध्ये मी मोठा असतो आणि हे बघितलं असतं तर मित्रांना फोन करून सांगितलं असतं की येणारी विंडोज बघाच.

मग मी ती वापरायला गेलो.

एक फोल्डर उघडला. पान भरायला वेळ. दुसरा उघडला. अजून जास्त वेळ. काही दुवे दाबले की काहीच होत नाही, कारण पलीकडे काही बांधलेलंच नाही. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर एक्सप्लोररची मेमरी नुसती चढतेय. मी काही न करता चहा टाकायला उठलो, परत आलो, तर अजून चढलेली. फुटक्या माठासारखी गळती. तासाभरात मशीन इतकं जड झालं की माऊस हलवला की दोन सेकंदांनी बाण हलायचा. विनएफएसची सेवा मागे घरघर करतेय ती वेगळीच.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, ती प्रिव्ह्यू होती, अर्धवटच असणार. बरोबर आहे. अर्धवट असण्याबद्दल तक्रार नाहीच. पण अर्धवट दोन तऱ्हेचं असतं. घराला रंग लावायचा राहिलाय, हे एक अर्धवट. आणि रंग लावून झालाय पण खालचा स्लॅब अजून ओला आहे, हे दुसरं.

ओला स्लॅब

बांधकामावर पाहिलं असेल. स्लॅब टाकला की त्याला रोज पाणी मारतात, दिवस मोजतात, आणि मगच खालचं सेंट्रिंग काढतात. घाई केली तर काय होतं ते सांगायला नको.

लाँगहॉर्नमध्ये नेमकं काय होतं बघा. एक्सप्लोरर, म्हणजे रोजचे फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, नव्या पद्धतीने लिहायला घेतला होता. तो उभा ॲव्हलॉनवर. ॲव्हलॉन लिहिलेलं डॉट नेटवर, आणि तेही डॉट नेटच्या येऊ घातलेल्या दुसऱ्या आवृत्तीवर. फोल्डरात काय दाखवायचं ते विनएफएसला विचारायचं. विनएफएस उभं एसक्यूएल सर्व्हरच्या इंजिनावर, आणि तेही एसक्यूएल सर्व्हरच्या पुढच्या आवृत्तीवर.

आता तारखा लावून बघा. डॉट नेटची ती दुसरी आवृत्ती आणि तो नवा एसक्यूएल सर्व्हर, दोन्ही बाजारात आले नोव्हेंबर २००५ मध्ये. म्हणजे ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मंचावर जो तिसरा मजला लोकांनी डोळे भरून पाहिला, त्याच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब वाळायला अजून दोन वर्षं होती!

हे कळल्यावर ४०५१ चं सगळं वागणं उलगडतं. मेमरी का गळते? कारण खालची यंत्रणाच रोज बदलतेय. फोल्डर उघडायला वेळ का? कारण एक यादी दाखवायला तीन अर्धवट यंत्रणा एकमेकींना हाका मारताहेत. आणि एका मजल्यावरच्या गड्याने काही बदललं की वरचे दोन मजले हलणार. कोणाचीही चूक नाही आणि सगळ्यांचीच आहे. मोठ्या प्रोजेक्टवर काम केलेल्यांना ही अवस्था नवी नाही.

त्यात भर म्हणजे बाहेर आग लागली होती. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा, जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर, ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर. एकापाठोपाठ एक किडे विंडोजला पोखरत होते. ब्लास्टर लागलेला संगणक इंटरनेटला जोडला की एक मिनिट मोजून स्वतःच बंद व्हायचा, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. गेट्सनी जानेवारी २००२ मध्येच कंपनीला पत्र लिहून सुरक्षितता आधी, बाकी नंतर असं बजावलं होतं. परिणामी लाँगहॉर्नवरची बरीच चांगली माणसं एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅककडे वळवली गेली. तो ऑगस्ट २००४ मध्ये आला आणि लोकांना खरोखर उपयोगी पडला. पण तोवर इकडे लाँगहॉर्नचं बांधकाम रखडत होतं.

ऑलचिनसाहेबांची मेल

या कथेतला मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे जिम ऑलचिन. मंचावर उभं राहून लाँगहॉर्न दाखवणाऱ्यांपैकी एक. जानेवारी २००४ मध्ये, म्हणजे त्या परिषदेनंतर तीन महिन्यांच्या आत, त्यांनी गेट्स आणि स्टीव्ह बाल्मर यांना एक मेल लिहिली. तिचा मथितार्थ असा की ग्राहकाला काय हवंय याचं भान आपण हरवून बसलोय, आणि मी इथे नोकरीला नसतो तर मॅक विकत घेतला असता. ही मेल आयोवा राज्यातल्या एका खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये बाहेर आली तेव्हा बराच गवगवा झाला. ऑलचिन यांनी खुलासा केला की लोकांना हलवण्यासाठी मुद्दाम तिखट लिहिलं होतं. असेलही. पण स्वतःच दाखवलेल्या डेमोबद्दल वरच्या माणसांना असं लिहायला छाती लागते.

पुढे जुलै २००४ मध्ये ते गेट्स यांच्याकडे गेले आणि हे असं जमणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. २००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ही हकीकत छापली. तोवर ॲपलने टोला हाणलाच होता. जून २००४ मध्ये त्यांनी आपल्या 'टायगर' आवृत्तीची झलक दाखवली, तिच्यात 'स्पॉटलाइट' नावाचा झटपट शोध होता, आणि सभागृहात फलक लावले होते की रेडमंडवाल्यांनो, आता फोटोकॉपीची मशिनं चालू करा.

२७ ऑगस्ट २००४ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. विनएफएस लाँगहॉर्नमधून बाहेर. ॲव्हलॉन आणि इंडिगो जुन्या एक्सपीवरही देणार, म्हणजे लाँगहॉर्नची खास मिरासदारी उरली नाही. मुदत २००६. आणि ज्या पायावर इतकी वर्षं बांधकाम चाललं होतं तो सोडून विंडोज सर्व्हर २००३ च्या पक्क्या, वाळलेल्या स्लॅबवर नव्याने सुरुवात.

जरा कल्पना करा. तीन वर्षांचं काम. हजारो लोक. आणि सोमवारी सकाळी येऊन सांगायचं की हे बाजूला ठेवा, पुन्हा सुरू करू.

याच काळात अमिताभ श्रीवास्तव या माणसाने एक महत्त्वाचं काम केलं. हे आयआयटी कानपूरचे. विंडोजचा कुठला भाग कुठल्या भागावर टेकलाय याचा त्यांच्या चमूने भिंतभर नकाशा काढला. म्हणजे तोवर एकाही माणसाच्या डोक्यात पूर्ण विंडोज नव्हती! कुठल्या थराने कुठल्या थराला हात लावायचा नाही ते ठरलं, आणि चाचण्यांत नापास झालेला कोड यंत्रणाच परत पाठवेल अशी व्यवस्था झाली. आज आपण सगळे हे रोज करतो आणि चाचणी लाल झाली की कुरकुरतो. तेव्हा विंडोजवाल्यांनाही ते कडूच लागलं असणार.

रविवार: ५०४८

शनिवारची खुमखुमी संपली नव्हती म्हणून रविवारी दुसरी आवृत्ती चढवली. क्रमांक ५०४८. एप्रिल २००५ मध्ये हार्डवेअरवाल्यांच्या परिषदेत दिलेली. नव्या पायावरची लोकांपुढे आलेली ही पहिली आवृत्ती.

पहिली झलक? अगदीच बेचव. बरीचशी एक्सपीसारखीच, वरून करडा हात फिरवल्यासारखी. उजवीकडची पट्टी गायब. विनएफएस नाही. गठ्ठे नाहीत. २००३ च्या मंचावरचं स्वप्न डोक्यात असलेला माणूस हे बघून काय म्हणेल? तेच म्हणाले. लाँगहॉर्नचं वर्षानुवर्षं कौतुक करत आलेल्या पत्रकारांनीही या आवृत्तीवर सडकून टीका केली. दीड वर्ष थांबून हे?

पण मी ती दुपारभर वापरली. फोल्डर उघडले, बंद केले, नोटपॅडमध्ये या लेखाचे मुद्दे लिहिले. टास्क मॅनेजर शांत. चहा टाकून आलो तरी शांत. संध्याकाळी मशीन बंद केलं ते माझ्या मर्जीने, त्याच्या नव्हे.

मला सांगायची गोष्ट खरं तर एवढीच आहे. एकाच विंडोजच्या दोन झलका. ज्या झलकेला "वा!" मिळालं, तिच्याखाली पाया नव्हता. आणि जिच्याखाली पाया आला होता, तिला शिव्या मिळाल्या. बघणारे मूर्ख नव्हते. माणूस जे दिसतं त्याचाच अंदाज बांधणार. डेमोतून ओला स्लॅब दिसत नाही. तो फक्त बांधणाऱ्याला दिसतो. म्हणून तो सांगायची जबाबदारीही बांधणाऱ्याचीच.

सफरचंदवाल्यांचं काय?

हे सगळं मायक्रोसॉफ्टच्याच नशिबी आलं असं नाही. ॲपलची 'कोपलँड' नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम अशीच वर्षानुवर्षं वाढत गेली आणि १९९६ मध्ये गुंडाळावी लागली. मग त्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं आणि तिची तयार सिस्टिम पायाला घेतली.

त्यावर उभी राहिलेली मॅक ओएस टेनची जाहीर बीटा १३ सप्टेंबर २००० ला पॅरिसमध्ये आली. आणि गंमत म्हणजे ती फुकट नव्हती! २९ डॉलर ९५ सेंट मोजून लोकांनी चुका शोधायचं काम विकत घेतलं. (पुढे पूर्ण आवृत्ती घेताना तेवढी सूट मिळाली म्हणा.) लोकांची पहिली नाराजी कशावर, तर वरच्या पट्टीतलं डावीकडचं सफरचंद मधोमध आणून बसवलं होतं आणि ते दाबलं तरी काहीच होत नव्हतं. इतक्या वर्षांचा ॲपल मेनू गेला! शिवाय सगळं हळू चालायचं.

ही तक्रार खरी होती आणि ॲपलने ती ऐकली. २४ मार्च २००१ ला पहिली पूर्ण आवृत्ती आली तेव्हा सफरचंद पुन्हा डाव्या कोपऱ्यात होतं, मेनूसकट. पण त्या बीटामध्ये एक प्रोग्रॅम कोसळला तर बाकीचे चालू राहत. जुन्या मॅकवर असं झालं की बहुधा सगळा संगणकच पुन्हा सुरू करावा लागे. याचं कारण पाया. नेक्स्टची पहिली पूर्ण आवृत्ती १९८९ ची. म्हणजे २००० च्या बीटाचा रंग ओला होता, पण स्लॅब ११ वर्षं जुना. त्यामुळे तक्रारी ऐकून भिंत हलवता आली.

शेवटी काय उरलं

लाँगहॉर्नचं 'व्हिस्टा' असं बारसं जुलै २००५ मध्ये झालं आणि ३० जानेवारी २००७ ला ती सगळ्यांसाठी बाजारात आली. एक्सपीनंतर पाच वर्षांहून जास्त. लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी पुन्हा लिहीत नाही. ॲव्हलॉन आणि इंडिगो डॉट नेटचे भाग म्हणून आले. विनएफएस स्वतंत्रपणे काढायचा प्रयत्न झाला, एक बीटाही आली, पण जून २००६ मध्ये त्यावरही पडदा पडला. त्यातलं तंत्रज्ञान एसक्यूएल सर्व्हरकडे वगैरे वळवलं गेलं. उजवीकडची पट्टी छोट्या खेळण्यांच्या रूपात परतली, आणि २०१२ मध्ये ती धोकादायक आहे, बंद करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. व्हिस्टाच्याच पायावर २००९ मध्ये विंडोज ७ उभी राहिली आणि तिचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. पाया तोच, फक्त तोवर वाळलेला.

पण जाता जाता एक घरगुती गोष्ट सांगतो. माझ्या मामाचा एक छोटा सायबर कॅफे होता. सहा मशिनं, सगळ्यांवर एक्सपी. सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो. कोणी मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. मग मामा गल्ल्याच्या खणातून एक्सपीची सीडी काढायचा, कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक खूण करायचा, सीडी घरघरायची, मशीन पुन्हा सुरू व्हायचं, आणि मग चौकटींची मराठी व्हायची. देवनागरीची सोय विंडोज २००० पासून होती, तिचा 'मंगल' हा फाँट मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला. पण ती सोय एक्सपीत झाकून ठेवलेली. ज्याच्याकडे सीडी नाही आणि मामा नाही, त्याच्यासाठी मराठी म्हणजे चौकटीच.

व्हिस्टामध्ये ती खूण करावी लागली नाही. देवनागरी आणि तिच्यासारख्या सगळ्या लिप्यांची मांडणी आधीपासूनच चालू. सीडी नको, मामा नको. मामाने कॅफेत व्हिस्टाचं पहिलं मशीन आणलं तेव्हा काचेच्या खिडक्यांकडे त्याने फार लक्ष दिलं नाही. एक मराठी पान उघडलं, अक्षरं बघितली आणि म्हणाला, "चला, एक काम कमी झालं." मंचावर दाखवून टाळ्या मिळाव्यात अशी ही गोष्टच नव्हे. पण विनएफएस गेलं, काच गेली, पट्टी गेली, आणि ही टिकली. तुमच्या संगणकावर हा लेख सीडीशिवाय दिसतोय ना? झालं तर मग.

आता उद्या सोमवार. मॅनेजरला मी आत्ताच मेल लिहून ठेवली आहे. त्या तीन नावांबद्दल. आधी डेटाबेस ठरवू, पुढच्या डेमोत पडदे साधे दाखवू, आणि क्लायंटला सांगू की सर्च अजून झालेला नाही, तीन महिन्यांत होणारही नाही. क्लायंट चिडेल. पिझ्झा मिळणार नाही हे नक्की. ऑलचिनसाहेबांइतकी छाती आपली नाही, त्यामुळे मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. सकाळी चहा झाला की पाठवतो.

असो. पुढच्या शनिवारी नोकरी शाबूत असेल तर भेटूच :)